नग क्रमांक चारशे बारा

माझी आत्या एकतीस वर्षं एका जुन्या घराच्या किल्ल्या सांभाळत होती. घर एका न्यायाधीशाचं, आता संग्रहालय झालेलं. त्यांना जाऊन दोनशे वर्षं होत आली, तरी त्यांची दौत, त्यांची पुस्तकं, त्यांची काठी जिथल्या तिथे. किल्ल्या त्रेचाळीस, सगळ्या एकाच कड्यात, कमरेला डावीकडे अडकवलेल्या. त्यामुळे आत्या चालताना डावीकडे कलायची, आणि सुट्टीच्या दिवशी किल्ल्या नसल्या की उजवीकडे. घरातली साधी टाचणीसुद्धा तिच्या कारकिर्दीत फाटकाबाहेर गेली नव्हती, याचा तिला अभिमान होता.

छप्पर गळायला लागलं तेव्हा संग्रहालयाच्या मुख्य कार्यालयाने ते घर लग्नांसाठी द्यायचं ठरवलं. मात्र संग्रहालय बंद ठेवायचं नाही. म्हणजे दिवाणखान्यात लग्न चाललेलं आणि दोरीपलीकडून तिकीट काढून आलेली मंडळी बघत पुढे सरकतायत. एकदा एका प्रवासी बाईंनी नवरीला बराच वेळ निरखलं आणि आत्याला विचारलं, ही न्यायाधीशांची पहिली बायको की दुसरी? आत्याने शांतपणे सांगितलं की न्यायाधीश अविवाहित होते, ही दुपारच्या बुकिंगमधली नवरी आहे.

मामांचं प्रकरण असल्याच एका दुपारी घडलं. मामा म्हणजे त्या दिवशीच्या नवऱ्या मुलाचे मामा. साठी उलटलेले, करड्या कोटातले. जेवण अंगावर आलं म्हणून ते अभ्यासिकेत शिरले आणि न्यायाधीशांच्या कोचावर ताठ बसल्या बसल्या झोपले. नेमका त्याच दुपारी कार्यालयाचा मोजणी अधिकारी वर्षाची यादी करायला आला होता. हा माणूस वर न बघता काम करायचा. टेबल एक, दिवा एक, कोच एक. मग त्याने लिहिलं, ‘पुरुषाकृती, बसलेली, जुनी, स्थिती बरी’, मामांच्या कोटाला ४१२ नंबरची चिठ्ठी डकवली, खाली सही-शिक्का केला आणि निघून गेला.

संध्याकाळी वऱ्हाड बाहेर पडत होतं. आत्या फाटकाशी उभी होती. तिला चिठ्ठी दिसली.

“मामा, तुम्हाला जाता यायचं नाही,” ती म्हणाली. “तुमच्यावर नंबर आहे.”

मामांनी मान वाकवून चिठ्ठी वाचली. बाहेर बस उभी होती, बसमध्ये अकरा मुलं होती आणि त्यांचे मेहुणे गाणं म्हणायला घसा साफ करत होते. मामी गुडघे दुखतात म्हणून लग्नाला आल्याच नव्हत्या.

“नंबर आहे म्हटल्यावर काय बोलणार,” मामा म्हणाले, आणि परत आत गेले.

कोट काढून ठेवला असता तर चाललं नसतं का, असं मी आत्याला नंतर विचारलं. ती म्हणाली, यादीत कोट लिहिलेला नाही.

तिने त्याच दिवशी कार्यालयाला पत्र टाकलं. उत्तर यायला वेळ लागणार होता. तोवर मामा दिवसा कोचावर बसत आणि रात्री पहारेकऱ्याच्या जुन्या खोलीत झोपत. ती खोलीही आवारातच असल्याने नियमात बसत होती. आत्या त्यांना घरून डबा आणायची. पहिल्या आठवड्यात ती डबा ठेवून निघून जायची. दुसऱ्या आठवड्यात जेवण होईपर्यंत थांबायला लागली. “इतकी वर्षं वस्तूंशी बोलतेय,” ती मला म्हणाली, “पहिल्यांदाच एक वस्तू म्हणाली की मीठ कमी आहे.”

लग्नं चालूच होती. मुलीकडच्यांना वाटायचं हे मुलाकडचे कोणी वडीलधारे, मुलाकडच्यांना वाटायचं मुलीकडचे. त्यामुळे मामांचं दोन्हीकडे ऐकलं जायचं. जिन्यावरून आधी कोण उतरणार यावरून दोन विहिणी हमरीतुमरीवर आल्या, तेव्हा मामांनी दोघींना एकाच वेळी वरच थांबवून ठेवलं आणि लग्न वरच्या मजल्यावर लावलं. एकदा एक नवरी पळत अभ्यासिकेत आली आणि रडत म्हणाली, मला हे लग्न करायचंच नाही. आत्या दारात होती, तिने हे स्वतः ऐकलं.

मामा म्हणाले, “हे बघ बाळ, मला इथून हलता येत नाही. मी यादीत आहे. तू नाहीस. या घराला चार दारं आहेत, हव्या त्या दाराने जा.”

मुलीने डोळे पुसले, चिठ्ठीवरचा नंबर वाचला, हसली, आणि जरा वेळ बसून दिवाणखान्याच्या दाराने गेली. त्यानंतर लोक तारीख ठरवताना विचारायला लागले, चारशे बारा त्या दिवशी असतील ना?

पाचव्या आठवड्यात मामी आल्या. मामांनी पत्राने सगळं कळवलं होतं, पण मामींना वाटलं होतं, कंटाळले की येतील. त्यांनी दोरीपलीकडून नवऱ्याला पाहिलं. तब्येत सुधारलेली दिसत होती, याचाच त्यांना जास्त राग आला. आत्याने नियमांची वही उघडून दाखवली. नग यादीतून तीनच कारणांनी काढता येतो: फुटला, हरवला किंवा बनावट निघाला.

“बनावट आहेत,” मामी म्हणाल्या. “चाळीस वर्षं सांगतेय मी. लिहा तसं.”

अर्ज गेला आणि या वेळी कार्यालय हललं. भिंग घेऊन एक तज्ज्ञ आला. त्याने मामांना खिडकीशी उभं करून तासभर तपासलं आणि अहवाल दिला: दात मूळचे नाहीत, केसांना रंग नंतर दिलेला आहे, डावा गुडघा अलीकडचा आहे. सदर नग न्यायाधीशांच्या काळातला नाही.

मामांना हे लागलं. आपण मनाने त्याच काळातले आहोत, असं ते तज्ज्ञाला समजावून सांगत होते. पण यादीतला नंबर खोडला गेला होता. आत्याने फाटक उघडलं. मामी पुढे चालू लागल्या. मामा थोडे रेंगाळले, आत्याला म्हणाले, “किल्लीबाई, सांभाळून राहा,” आणि गेले.

आत्याने चार-पाच दिवस अभ्यासिका झाडलीच नाही. विचारलं की म्हणायची, वेळ झाला नाही. मग मामींचं पत्र आलं. हे घरात नुसते ताठ बसून असतात, काही विचारलं तर माहिती सांगितल्यासारखं बोलतात, तुम्ही एकदा येऊन यांना समजावा, असं लिहिलं होतं. आत्या पुढच्याच सोमवारी गेली. सोमवारी न्यायाधीशांचं घर बंद असतं.

आता ती दर सोमवारी जाते. तिघं पत्ते खेळतात. मामी सरळ सरळ लबाडी करतात, मामांना ती दिसत नाही आणि आत्याला दिसते. पण त्या घरात तिच्याकडे कसलीच यादी नसल्यामुळे ती काही बोलत नाही.