आगाजींचा गंधार

विश्वनाथ करमरकरचा कान ऑकलंडजवळच्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळात जितका नावाजलेला, तितकाच नकोसा होता. गणपतीत आरती चालू असताना हा कोपऱ्यात उभा राहून भुवया उडवायचा, आणि पेटी कुणाची का असेना, पुढच्या आठवड्यात ती त्याच्या गॅरेजात उघडी पडलेली असायची. दिवसभर दूध पावडरच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल, संध्याकाळी लोकांच्या पेट्यांचे सूर लावणं. पैसे घेत नसे. कपभर चहा आणि "आता कशी बोलते बघा!" एवढं म्हणायची मुभा त्याला पुरे. त्याची बायको मंदा म्हणायची, "ह्यांना स्वर्गात नेलं तरी आधी तंबोरा मागतील, लावून देतो म्हणून."

शेजारी फरामर्ज नावाचे एक इराणी गृहस्थ राहत. सत्तरी ओलांडलेले, बायको गेलेली, नसीम नावाची एकुलती मुलगी जवळच्या शाळेत शिक्षिका. विश्वनाथ त्यांना आगाजी म्हणे. आगा म्हणजेच मुळात 'जी', हे नसीमने सांगूनही त्याने दोन्ही सोडलं नाही. आपल्याकडे मान कमी पडलेला चालत नाही. शनिवारी लॉन कापून झालं की कुंपणापलीकडून आगाजींचं संतूर ऐकू येई. आपल्या काश्मिरी संतुराचंच भावंड, दोन हलक्या काड्यांनी वाजवायचं. विश्वनाथ गवताची पिशवी हातात धरून तसाच उभा राही. वाजवणं अप्रतिम. फक्त एक सूर त्याला भातातल्या खड्यासारखा लागे. गंधार. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, मधेच कुठेतरी. वय झालं की कान उतरतोच, असं मनाशी म्हणून तो हळहळे. तोंडावर बोलण्याइतका उद्धट तो नव्हता. तेव्हा बोलला असता तर फार बरं झालं असतं.

२०१६च्या हिवाळ्यात आगाजींना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकू सगळं येई, कळेही बरंच, पण मनात एक असे आणि तोंडातून भलतंच निघे. 'हो'च्या जागी 'नाही', कधी 'पाणी', कधी बायकोचं नाव. हॉस्पिटलच्या फेऱ्यांनी नसीम अर्धी झाली. एकदा कुंपणापाशी थांबून म्हणाली, "अंकल, थेरपिस्ट म्हणते, बोलणं परत येईलच असं नाही, पण संगीत कधी कधी शाबूत राहतं. बाबा घरी आले की संतूर त्यांच्यासमोर ठेवायचंय. इतके दिवस पडून आहे, तारा उतरल्या असतील. मला त्यातलं काहीच येत नाही. तुम्ही बघाल?"

विश्वनाथला आभाळ ठेंगणं झालं. नसीमकडून घराची किल्ली घेऊन तो रविवारी जाऊन बसला. बहात्तर तारा, एकेका सुराला चार चार. जमिनीवर मांडी घालून, शेजारी फोनवरचा ट्यूनर ठेवून, एकेक खुंटी पिळत तो गंधारावर आला. चारही तारा एकमेकींशी चोख मिळालेल्या होत्या. आपोआप उतरलेल्या तारा अशा एकदिलाने उतरत नाहीत, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण पेटीवाल्यांना श्रुती, सुरांमधल्या बारीक जागा, कळत नाहीत असं ज्याने जन्मभर ऐकून घेतलंय, त्याला शंका कसली येणार? त्याला आपलं बरोबर असल्याचं दाखवायची घाई. चारही तारा चढवून त्याने शुद्ध गंधारावर नेऊन बसवल्या. फोनवर हिरवा दिवा लागला.

घरी येऊन त्याने मंदाला हे सांगितलं, तशी ती भाजी चिरता चिरता थांबली. "अहो, पण त्यांना तो तसाच हवा असेल तर?"

"काहीतरीच काय! बेसूर कुणाला हवा असतो?"

आगाजी घरी आले, त्या दुपारी नसीमने विश्वनाथलाही बोलावलं. तिने आगाजींच्या डाव्या हातात काडी दिली. म्हाताऱ्याने सुरुवात केली आणि तो चेहरा असा उजळला, की नसीमला रडू फुटलं. मग गंधार आला. हात थांबला. त्यांनी तो पुन्हा वाजवला. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा त्या तारांना हात लावून पाहिला. काय झालं हे विचारायला तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर पडला, "पाणी."

नसीम पाणी आणायला धावली. त्यांनी पेला दूर लोटला, पुन्हा तारांकडे बोट केलं आणि पुन्हा म्हणाले, "पाणी."

तेव्हा तिने कान देऊन ऐकलं. "अंकल, हा सूर असा नव्हता," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे असतात असे मधले सूर. सेगाह म्हणून चाल आहे, ती तर त्यावरच येऊन थांबते. आईची आवडती."

विश्वनाथच्या पायाखालची जमीन सरकली. "कुठे होता तो? सांग, आत्ता आणतो."

"चुकीचा आहे एवढं कळतं मला. बरोबर कुठे, ते बाबांनाच माहीत."

मग सुरू झाला शोध. आगाजींच्या डाव्या हातात खुंटी पिळण्याइतका जोर नव्हता, म्हणून विश्वनाथने ती हळूहळू सैल करायची, जागा आली की आगाजींनी बोट उचलायचं, असं ठरलं. पण झटक्यानंतर ते बोट उशिरा उठे, तोवर सूर पुढे निघून गेलेला असे; मागे फिरावं तर पुन्हा ओलांडला जाई. यूट्यूबवरचे उस्ताद ऐकवले, तर प्रत्येकाचा तो सूर वेगळ्याच जागी. ऑकलंडहून एक वादक मुद्दाम येऊन लावून गेला. तो त्याच्या गुरूंचा सूर होता, आगाजींचा नव्हता. नसीमच्या फोनमध्ये वाढदिवसाचा एक व्हिडिओ सापडला, त्यात संतूर कमी आणि केकभोवतीचा गलका जास्त. आगाजी दरवेळी मान हलवत, आणि शेवटी तर विश्वनाथच्याच पाठीवरून डावा हात फिरवत. ते त्याला सहन होत नसे. त्याची आई गेली तेव्हाही तो इतका हतबल झाला नव्हता. तिथे निदान त्याने स्वतःच्या हाताने काही बिघडवलं नव्हतं.

मार्चमध्ये नवरोज, इराणी नवं वर्ष, आला. इराणातला वसंत, इथे झाडांची पानं पिवळी पडू लागलेली. नसीमने सजवलेल्या टेबलाभोवती पाचदहा पाहुणे जमले, मंदा आणि विश्वनाथही होते. आगाजींनी संतुराकडे बोट केलं. डाव्या हाताने त्यांनी सेगाह धरली. ओळ उतरत उतरत मुक्कामाच्या सुरावर आली, आणि काडी तारेच्या वर, हवेतच थांबली. ती त्यांनी टेकवली नाही. सूर विरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ डोळे मिटून ते थांबले, मग पुढची ओळ घेतली. तीही तिथेच येऊन हवेत थांबली. त्यानंतरचीही.

"हात दमला बिचाऱ्यांचा," कुणीतरी कुजबुजलं.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या विश्वनाथला ठाऊक होतं, हात दमलेला नाही. आगाजींना तो सूर ऐकू येत होता. प्रत्येक थांब्याला विश्वनाथ जिवाचा कान करून त्या शांततेत तो शोधत होता, आणि दरवेळी त्याच्या कानात वाजत होता तो त्याचा स्वतःचा, शुद्ध, ट्यूनरवर तपासलेला गंधार.