ग्लाफिराने मागितलेली भेट

रशियातल्या रीबिन्स्क गावच्या नाटकमंडळीत ग्लाफिरा साविश्ना होती तोवर रडक्या बायकोचं काम मागायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. नाटक कुठलंही असो, शेवट ठरलेला. घर सोडून गेलेली बायको परत येणार, उंबऱ्यात गुडघे टेकणार आणि नवरा मोठ्या मनानं माफ करणार. लिहिणारे सगळे पुरुष, दुसरं सुचणार तरी काय त्यांना! पण ग्लाफिरानं गुडघे टेकले की पिठाचे दांडगे व्यापारीसुद्धा दाढीत तोंड लपवून मुसमुसायचे.

स्वतः तिनं मात्र घर सोडलं ते कायमचं. नवरा नील अर्खिपिच, यारोस्लाव्लचा मेणबत्त्यांचा व्यापारी. अर्धं रीबिन्स्क त्याच्याच मेणबत्त्या लावायचं, म्हणून माणूस भला असं सगळे धरून चालायचे. घरी तो हात उचलायचा. त्यानं लिहून दिलेल्या परवान्याशिवाय तिला परगावी राहता येत नव्हतं, काम करता येत नव्हतं. कायदाच तसला मेला! जुना परवाना संपत आला आणि नीलनं निरोप धाडला, "थेरं पुरे झाली. न्यायला येतोय."

त्याच आठवड्यात तिच्या नावाचा खेळ होता. वर्षातून एकदा नटीच्या नावानं खेळ लागतो, आणि शेवटी गावचे व्यापारी मिळून तिला मंचावर भेट देतात. धान्याचे बडे व्यापारी सिसोई कार्पिच आधीच विचारून गेले, "काय हवं बाई? ब्रोच की चांदीचं तबक?"

"खेळ झाल्यावर सांगते."

नील पहिल्या रांगेत येऊन बसला. ग्लाफिरानं गुडघे टेकले, नाट्यगृह रडलं, पडदा पडला आणि टाळ्यांमुळे पुन्हा वर गेला. सिसोई कार्पिच मंचावर चढले. "हं, मागा!"

"ब्रोच नको. समोर बसलेत ते माझे यजमान. इथं राहायचा परवाना त्यांच्याकडून घेऊन द्या."

नील हसत उठला. "देतो की! आत्ता टेकलेस तसे गुडघे माझ्यापुढे टेक."

"टेका हो," सिसोई कुजबुजले, "तुमचा तर हातखंडा."

"नाटकात लिहिलंय म्हणून टेकते," ग्लाफिरा नीलकडे बघत मोठ्यानं म्हणाली. "घरी खरेखुरे टेकले होते, अहो. तेव्हा तुम्ही एकदा तरी मारायचे थांबलात?"

तेवढ्यात सिसोईंची बायको मात्र्योना उठली. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली बाई! "याची मेणबत्ती उद्यापासून आमच्या घरात लागणार नाही."

"आमच्याही नाही!" मागून दुसरी ओरडली. मग तिसरी. वरच्या सज्ज्यातून तर शिव्याच आल्या.

नीलनं दात-ओठ खात सही केली, पण फक्त वर्षापुरती. हलकट! ग्लाफिरा डगमगली नाही. दर वर्षी मंचावर उभी राहून तिनं तीच भेट मागितली, आणि दर वर्षी बायकांनी ती मिळवून दिली. बाकीच्या नट्यांच्या पेट्या चांदीनं भरल्या, हिची रिकामीच राहिली. काय छाती होती बाईची!

मग नील वारला, आणि विधवा म्हणून तिला स्वतःच्या नावाचा, कुणाची सही न लागणारा परवान्याचा कागद मिळाला. मात्र्योना भेटायला गेली तर ही कागद मांडीवर ठेवून ढसाढसा रडतेय.

"गेला तो सुटला, बाई. नका रडू त्याच्यासाठी."

"त्याच्यासाठी नाही हो," ग्लाफिरा म्हणाली. "एवढंसं मिळायला एक माणूस मरावा लागला!"