आभाळावर टाकलेला रुमाल

रुपचंदभाऊंच्या मोटरसायकलवर पुढे लाल अक्षरांत ‘पायलट’ लिहिलेलं आहे. मागे फवारणीचा ड्रोन पाय दुमडून बांधलेला असतो, बाजाराला नेलेल्या कोंबडीसारखा.

माणूस मूळचा सोनगीरचा. आधी पहूर रस्त्यावर काळीपिवळी चालवायचे. मग प्रशिक्षण घेऊन ड्रोनचा परवाना काढला आणि जळगावच्या विमानतळाजवळच्या सासरवाडीतच धंदा मांडला. गाव त्यांना जावई म्हणतं. मी, मुख्तार आणि ललित, आम्ही बाकीचे ड्रोनवाले, भाऊ म्हणतो. नुसतं भाऊ म्हटलेलं त्यांना आवडत नाही, पण पायलटभाऊ म्हणताना मुख्तारला हसू येतं.

यंदा नियम बदलला. नकाशावरचं विमानतळाभोवतीचं वर्तुळ फुगलं आणि आमच्या सगळ्या केळीबागा त्यात गेल्या. शिवाराचे पट्टे पाडले. ड्रोन उडवायचा तर आदल्या संध्याकाळी मोबाइलवर पट्टा आणि वेळ धरायची, आणि एका पट्ट्यात एका वेळी एकच ड्रोन. वरून विमानं जातात, काळजी घ्यायलाच हवी. पण केळीचं पान हलायला लागलं की फवारा शेजारच्या कपाशीवर जातो. पान हलतंय की नाही ते सकाळी बांधावर उभं राहूनच कळतं. वारा आदल्या संध्याकाळी सांगून येत नाही.

भाऊ चहाच्या टपरीवर भडकले. “आभाय काय तेस्ना बापनं शे? मी परवानावाला पायलट शे.”

“तुम्ही पायलट, भाऊ, पण विमान त्यांचं मोठं आहे,” मुख्तार म्हणाला.

अर्ज करून झाले, विमानतळाच्या कार्यालयात जाऊन झालं. साहेब सभ्य होते, चहा पाजला आणि नियम पुन्हा वाचून दाखवला. तेव्हा भाऊंनी तोडगा काढला. एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना? तसंच आभाळ धरायचं. रोज संध्याकाळी सगळ्या पट्ट्यांच्या सगळ्या सकाळी आपणच धरून ठेवायच्या. मग वाटेल तेव्हा उडवा. वर कार्यालयालाही कळेल, की या नियमाने काम चालत नाही.

“आणि एक ध्यानमा ठेवा,” भाऊंनी बजावलं, “कोणी काही सांगो, टाकेल रुमाल उचलाना नही.”

ललितने हे फारच मनावर घेतलं.

मग कोकिळाअक्कांच्या बागेत करपा आला. पानांवर पिवळे ठिपके, घड नुकते निसवून बाहेर आलेले. अक्का एकट्या शेती बघतात, आणि भाऊ त्यांच्या चुलतभावाचे जावई. भाऊंनी शब्द दिला, उद्या सकाळी फवारून देतो.

सकाळी पान हलत नव्हतं. भाऊंनी ड्रोन मांडला, टाकी भरली, मोबाइल उघडला. अक्कांचा पट्टा आधीच धरलेला. ललितने. स्वतःच्या नावावर परवानगी नसेल तर ड्रोनचे पंखेच फिरत नाहीत.

भाऊंनी फोन लावला. ललित धुळ्याला साखरपुड्यात होता. मागे बँड वाजत होता.

“रुमाल उचल,” भाऊ ओरडले.

“तुम्हीच सांगितलं ना, उचलायचा नाही?”

“मी सांगी ऱ्हायनू ना, उचल.”

ललितने उचलला. मोबाइलवर आलं: रद्द केलेली वेळ पडताळणीनंतर उद्या खुली होईल.

अक्का बांधावर उभ्या होत्या. वर बघितलं. निळं आभाळ, एक घारसुद्धा नाही.

“गर्दी आहे म्हणता, जावई?”

“आहे, अक्का.”

“दिसत नाही.”

भाऊंनी ड्रोनचे पाय पुन्हा दुमडले.

दुसऱ्या दिवशी परवानगी आली आणि तिच्याबरोबर वारा. तिसऱ्या दिवशीही वारा. पान लाटांसारखं हलत होतं. शेवटी अक्कांनी गोठ्यातून पाठीवरचा पंप काढला आणि स्वतःच्या खांद्यावर चढवायला लागल्या. जावयाला ते बघवेना. पायलट पंप पाठीवर घेऊन केळीच्या ओळींत शिरला. खालच्या पानांना औषध मिळालं. वरच्या पानांपर्यंत फवारा पोचत नव्हता, आणि ती आठवड्यात वाळली. घड यंदा बारीकच राहणार, हे अक्कांनी कुणाला न विचारता ओळखलं.

भाऊंनी पंप पाठीवर घेतला त्याच संध्याकाळी टपरीवर मुख्तारने विषय काढला, “सगळ्यांनीच रुमाल उचलू. ज्याला गरज असेल त्याने धरावा.”

सगळ्यांना पटलं. भाऊंनाही. आम्ही मोबाइल काढले.

“उचल रे ललित,” भाऊ म्हणाले.

“आधी तुम्ही उचला.”

“मुख्तार?”

“मी उचलला की ललित बसेल तिथे.”

चहा निवला. कोणाचाही अंगठा हलला नाही. मग भाऊंनी खाली मान घालून, हळूच, अक्कांच्या पट्ट्याची उद्याची सकाळ स्वतःच्या नावावर धरली. वारा पडला तर, म्हणून.