वसंता मोहितेची काठी

स्मिताचा फोन आला तेव्हा मी बंगळूरला, चामराजपेटच्या घरी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. वसंता झोपेतच गेला. कुणाला त्रास न देता जाणं त्याच्या स्वभावाला धरूनच होतं, पण मला मात्र राग आला. त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि तीस वर्षं मी ती उद्यावर ढकलत आलो होतो… आता महिना होत आला, तो राग गेलेला नाही. अर्थात तो स्वतःवरचाच आहे.

आम्ही दोघं नौदलात होतो. निकोबारच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा बेटावर आमची पंचवीसएक माणसांची तुकडी होती. मी वायरलेसवर, तो मेकॅनिक. मी बंगळूरचा, घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलत वाढलेला, तो साताऱ्याकडचा. माझ्या मराठीची तो मनसोक्त टिंगल करायचा आणि मला 'रेडिओ' म्हणून हाक मारायचा. लोकांना वाटतं, बेटावरची नोकरी म्हणजे निळा समुद्र आणि नारळपाणी. नारळ होते खरे, पण हेलिकॉप्टर यायच्या आधी हेलिपॅडवर पडलेले नारळ वेचणं ही आमची ड्युटी होती. बाकीचा दिवस खाऱ्या वाऱ्याशी भांडण्यात जायचा. आज घासूनपुसून तेल लावलेला स्क्रू चार दिवसांत गंजून बसायचा. महिन्याने जहाज यायचं ते पत्रं, कांदे-बटाटे आणि बदलीची माणसं घेऊन. कांदे संपले की टिनच्या डब्यातली भाजी सुरू व्हायची, आणि ती खाताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे.

पण बेटावर खरं राज्य होतं पाण्याचं. विहीर मचूळ. पावसात छपरांवरून टाकीत साठवलेलं पाणी कोरड्या महिन्यांत पुरवून वापरायचं, आणि ते काम वसंताकडे होतं. त्याने बांबूची एक काठी केली होती, तिच्यावर चाकूने पाडलेल्या खुणा. रोज सकाळी ती टाकीत बुडवायची आणि मेसबाहेरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा, बस्स. कुणाला दम देणं नाही की भाषण नाही. आकडा उतरला की माणसं आपोआप अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची. आमचे लेफ्टनंट साहेबसुद्धा फळा वाचून मगच बादलीला हात लावत. "तू ओरडत का नाहीस रे कुणाला?" मी एकदा विचारलं. "ओरडून पाणी वाढतं का?" तो म्हणाला.

मार्चमधली गोष्ट. पाणी ठरलेल्या वेळीच सुटायचं. एका दुपारी मी वायरलेसच्या खोलीमागचा नळ उघडला, तर कोरडा. तेवढ्यात आत संदेश यायला लागला आणि मी नळ तसाच टाकून धावलो. थोड्या वेळाने वसंताने टाकीचा व्हॉल्व्ह सोडला, पण जनरेटर बंद पडला म्हणून तो तिकडे गेला आणि अंधार पडेपर्यंत अडकला. दुसऱ्या दिवशी काठी जवळजवळ कोरडीच वर आली. साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. मागचा तो नळ माझ्याशिवाय कुणी वापरत नसे, आणि संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो कुणीतरी बंद केलेला होता. मला तोंड उघडायचं होतं… उघडलं नाही. वसंता एक पाऊल पुढे आला. "सर, व्हॉल्व्ह माझ्याकडून राहिला."

त्याच आठवड्यात येणाऱ्या जहाजाने तो रजेवर जाणार होता. घरी दोन महिन्यांची लेक होती, तिचा फोटोसुद्धा अजून त्याच्या हातात पडला नव्हता. आता जहाजातून पिंपांनी पाणी उतरवून घ्यायचं आणि पाऊस येईपर्यंत ते पुरवायचं, म्हणजे मेकॅनिक जागेवर हवा. रजा पुढे गेली. तो घरी पोचला तेव्हा स्मिता बसायला लागली होती आणि बापाला बघून तिने भोकाड पसरलं. हे त्यानेच मला हसत हसत सांगितलं. मला काही हसता आलं नाही.

नौदल सुटल्यावर मी त्याला बंगळूरला ओढून आणलं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही दोघं शेजारशेजारच्या शेडमध्ये कामाला होतो. वहिनी गेल्यावर तो मारतहळ्ळीला स्मिताकडे राहायला गेला. तिथल्या बोअरवेल आटल्या, टँकरसाठी लोक व्हॉट्सॲपवर एकमेकांचे गळे धरू लागले, तेव्हा या गड्याने पुन्हा एक काठी कापली, खुणा पाडल्या आणि लिफ्टशेजारी फळा टांगला. पोरं म्हणाली, "अंकल, आपण याचं ॲप बनवू या ना." "बनवा की. तोवर काठी आहे," हा म्हणाला. महिनाभरात लिफ्टचं बटण दाबण्याआधी लोक फळा वाचू लागले आणि भांडणं थांबली. अधिकार नाही, आवाज नाही, नुसता खडू. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या रविवारी मी स्मिताकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. तो नळ माझा होता, तुझे बाबा माझ्यामुळे अडकले.

"काका, मला लहानपणापासून माहीत आहे. नळ बाबांनीच बंद केला होता."

"मग तो मला कधी बोलला का नाही?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, रेडिओ आपल्याकडे हात धुतो आणि मग तीनतीनदा नळ बघायला जातो. मी काही बोललो तर आणखी तीनदा जाईल बिचारा."

मी खाली उतरलो. फळ्यावर वसंताच्या हातचा शेवटचा आकडा तसाच होता, पुसायला कुणी धजावलं नव्हतं. काठी कोपऱ्यात उभी. वॉचमन मंजप्पा जवळ आला. "सर, इवत्तु यारु बरीतारे?" आज कोण लिहिणार, असं तो विचारत होता. मी काठी उचलली, जमिनीखालच्या टाकीत बुडवली, ओली खूण मोजली आणि वसंताच्या आकड्याखाली माझा आकडा लिहिला. खडूचे हात तिथल्याच नळावर धुतले, नळ बंद केला आणि निघालो. फाटकापर्यंत जाऊन परत आलो, नळ बघितला. एकदाच.