मैनाबाईचा कडक साबण

बोईसरजवळच्या सरावलीत मैनाबाईच्या खानावळीत जेवणाऱ्या कामगारांना एवढंच कळत होतं, की मावशीचं काहीतरी बिनसलंय. आमटी खारट, भाकरी करपलेली, आणि बोलायला जावं तर वस्सकन अंगावर येणं. कंपनीत बॉयलरवर काम करणाऱ्या झुंबरला तर तिनं दारातूनच परत धाडलं. "तुमचा डबा बंद. दुसरीकडं बघा!" बिचारा झुंबर! का म्हणून विचारायचीही त्याला हिंमत झाली नाही.

खरी गोष्ट अशी. मैनाबाईचा नवरा जाऊन जमाना झाला होता, झुंबरचीही बायको गेलेली. दोघं बीडकडचे. बोलता बोलता जीव लागला, आणि एका दुपारी खानावळ रिकामी असताना व्हायचं ते झालं. पोर व्हायचं वय सरलेलं, त्यामुळं निरोधबिरोध कुणाच्या डोक्यातही आला नाही. त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना बाई चक्क गुणगुणत होती.

चार दिवसांत खाली आग सुरू झाली. खाज, लघवीला बसलं की चुणचुण. बाई हबकली. एकटा पुरुष, इतकी वर्षं काय सोवळ्यात राहिला असेल? कुठून तरी रोग आणला आणि मला दिला! भीती तर होतीच, पण त्याहून जास्त लागलं होतं ते वेगळंच. या वयात एक माणूस आपला वाटला, आणि तोही असला निघाला!

बोईसरात ओळखी फार, म्हणून ती पालघरच्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. शेजारी शालू सिस्टर उभी होती, किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, तोंडानं फटकळ.

"मावशी, धुता कशानं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"साबणानं," मैनाबाई पुटपुटली. "कंपनीच्या."

कंपनी कामगारांना हाताचं तेल-ग्रीस काढायला एक कडक साबण देते. झुंबर आपल्या वाटणीचा साबण खानावळीच्या भांड्यांसाठी आणून द्यायचा. त्या रात्री मनाला टोचणी लागली, म्हणून बाईनं त्याच साबणानं सकाळ-संध्याकाळ अंग घासलं. आग झाली तशी आणखी जोरात घासलं. "कढईचं काळं निघतं, तर रोग कुठं जातोय!" ती म्हणाली.

"अगो बाय माझे!" शालूनं कपाळाला हात लावला. "ती काय कढई हाय?"

डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या. "कातडं सोलवटलंय, आग त्याचीच दिसते. साबण बंद, नुसतं पाणी, आणि हे मलम. पण रक्त तपासायचंच. रोग वय बघून येत नाही. तुमच्या त्या माणसालाही घेऊन या."

हे सगळ्यात अवघड होतं. झुंबरच्या खोलीच्या दारात उभी राहून तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हंजे तुला वाटलं, मी बाहेर..."

"व्हय. वाटलं."

झुंबरचा चेहरा उतरला. "विचारायचं तरी होतंस, मैना." मग त्यानं चपला घातल्या. "मी कुठं गेलो न्हाई. पण माझ्या बोलण्यावर नको जाऊस. टोचू दे सुई."

दोघांचंही रक्त चांगलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलं आणि तोवर निरोध वापरायला बजावलं. मैनाबाईची आग तर साबण सुटल्याबरोबर कमी होत गेली होती. शालूनं निरोधची पाकिटं पुढं केली, तसा झुंबर भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मैनाबाईनं ती खुशाल पिशवीत टाकली.

बाहेर बाकावर बसून तिनं वाणगावला दिलेल्या लेकीला फोन लावला. झुंबर घाबरून उठायला लागला, तिनं त्याला सदरा धरून खाली बसवलं.

"प्रतीक्षा, ऐक. मी एक माणूस केलाय. आपल्या बीडकडचाच हाय." पलीकडून लेक काहीतरी ओरडली असावी. मैनाबाईनं झुंबरकडं पाहिलं, आणि तिला रडूही आलं, हसूही आलं.

"अगं, चांगला हाय! दवाखान्यातून तपासून घेतलाय मी."