सातव्या मजल्यावरचं स्टूल

सिंगापुरातल्या यिशुन भागात, बारा मजली ब्लॉकमध्ये रावसाहेब साळवे जिने चढू लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी लिफ्ट बिघडल्याची तक्रार केली. दुरुस्तीचा माणूस आला, लिफ्ट उत्तम चालते असं लिहून गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला. चालू लिफ्ट सोडून कुणी आपखुशीने जिना चढत असेल, ही शक्यता तक्रारीच्या फॉर्ममध्ये नव्हती.

रावसाहेब परभणीच्या आयटीआयमधून निवृत्त झालेले; वय एकाहत्तर, उजवा गुडघा नवा. मुलगा प्रमोद चांगी बिझनेस पार्कमध्ये इंजिनिअर; ते त्याच्याकडेच राहत. त्याने जपानची तिकिटं काढली होती. तिथल्या मियाजिमा बेटावर मिसेन नावाचा बौद्धांचा पवित्र डोंगर आहे. माथ्यावर स्वतःच्या पायांनी पोचायचं आणि धाप न लागता त्रिशरण तिन्ही वेळा म्हणायचं, असं रावसाहेबांनी ठरवलं. धापा टाकत शरण जाणं म्हणजे नाइलाजाने शरण जाणं, असं त्यांचं मत. रोपवे असताना पायी कशाला, असं प्रमोदचं.

म्हणून हा सराव. बाराव्या मजल्यावर पोचले की कठडा धरून ते म्हणू लागत. श्वास रोज दुसऱ्या वेळच्या ‘दुतियम्पि’पाशी संपे.

तिसऱ्या आठवड्यात सातव्या मजल्यावरच्या लिम आंटींनी दार उघडून विचारलं, “अंकल, लिफ्ट ओके लाह. यू ओके?”

खरं कारण ऐकून त्या आत गेल्या आणि जिन्याच्या वळणावर लाल प्लास्टिकचं स्टूल ठेवून गेल्या. रावसाहेब रोज त्यावर बसत आणि रोज स्वतःवर चिडत.

मिसेनला प्रमोदचंच चाललं. रोपवेच्या डब्यात रावसाहेब खाली मान घालून बसले. वर उतरल्यावर पाटी दिसली: माथा अजून अर्धा तास, पायऱ्यांनी. माहितीपत्रकाचं हे पान प्रमोदने वाचलं नव्हतं.

“बाबा, इथूनच हात जोडू. समुद्रही छान दिसतोय.”

“समुद्र सिंगापुरात आहे की,” म्हणत रावसाहेब निघालेसुद्धा.

पायऱ्या दगडी, एकीचा दुसरीशी कसलाही पत्रव्यवहार नसावा अशा. रावसाहेब मनात मजले मोजत होते. सातवा झाल्यावर ते सवयीने थांबले आणि मागे न बघता बसू लागले. स्टूल नव्हतं. प्रमोदने दंड धरला आणि हळूच विचारलं, परत फिरायचं का.

“आणि लिम आंटींना काय सांगू?”

प्रमोद त्यांच्या मागोमाग चढू लागला. माथ्याआधीच्या एका देवळात बाराशे वर्षं न विझलेला म्हणतात तो अग्नी होता. रावसाहेबांनी त्याच्याकडे बघून, वयाने मोठ्या सहकाऱ्याकडे बघून हलवावी तशी मान हलवली.

माथ्यावर त्यांनी आधी श्वास सावरला. मग ‘बुद्धं सरणं गच्छामि’पासून सुरुवात केली. दुतियम्पि झालं. ततियम्पिही झालं. श्वास उरला होता, तेव्हा त्यांनी पंचशीलही म्हणून घेतलं. ते जरा सावकाश, कारण प्रमोदला शेवटची दोन शीलं आठवत नव्हती.

परतल्यावर त्यांनी लिम आंटींसाठी आणलेली लाकडी भातवाढी स्टुलावर ठेवली आणि न बसता आठव्याकडे वळले.

स्टूल अजून तिथेच आहे. हल्ली रविवारी सकाळी वडिलांमागे चढताना त्यावर प्रमोद बसतो.