फोनातल्या बाई

आमच्या घरात मोबाइलवरून विद्यादान चालतं, हे मला कळलं ते एका वांग्यामुळे. गुरुवारची दुपार होती. भाजीची पिशवी शोधत मी स्वयंपाकघरात गेलो, तर ही ओट्यावरच्या डब्याला मोबाइल टेकवून उभी होती. हातात वांगं धरून ती मोबाइलला विचारत होती, "इद येनु?"

मोबाइलमधून बारीक आवाज आला, "बदनीकाय."

"शाब्बास! आणि शाळेत काय म्हणायचं?"

मोबाइल गप्प. भाजीची पिशवी विसरून मी दारातच थांबलो. हिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कन्नड आणि बाहेर मराठी. माझं गाव नातेपुते. घरात मराठी आणि बाहेरही मराठीच. चौतीस वर्षांच्या संसारात मला कन्नडातले चारच शब्द आले होते: बा, ऊटा, साकु आणि बेडा. म्हणजे ये, जेवण, पुरे आणि नको. ही म्हणायची, "जावयाला एवढं पुरतं."

मी तिला कधी नावाने हाक मारली नाही आणि लोकांपाशी बोलताना 'ही' म्हणत आलो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, चार दिवसांच्या दुखण्यात ती गेली. व्याकरणाप्रमाणे आता 'ती' म्हणायला हवं. मधूनमधून म्हणतोही. पण मनातलं सर्वनाम अजून बदललेलं नाही, तेव्हा दोन्ही येतील. वाचकांनी चालवून घ्यावं.

ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि मी एका कॉलेजात ग्रंथपाल. निवृत्तीनंतर आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. माझी पुस्तकांची तीन कपाटं आणि हिचा एक मोबाइल. माझ्या कपाटांकडे वर्षाकाठी दोन-तीन माणसं फिरकत. हिच्या मोबाइलकडे रोज पन्नास शिक्षक यायचे. हा हिशेब ती मला पाहुण्यांसमोर ऐकवायची.

शिक्षकांचा तो ग्रुप एका मांजरीपासून सुरू झाला. माढ्याकडची एक तरुण शिक्षिका. तिला सीमेवरच्या एका गावात पहिलीचा वर्ग मिळाला होता. कन्नडाचा तिला गंध नव्हता. तिने तालुक्याच्या मोठ्या ग्रुपवर लिहिलं, "माझ्या वर्गातल्या एका मुलीला मांजर फार आवडतं. दिवसभर मनी मनी करते. मी फळ्यावर मांजर काढून दाखवलं, तर जास्तच रडायला लागली. कृपया उपाय सुचवा."

उपाय सुचवण्यात आपले शिक्षक कधी मागे राहत नाहीत. कुणी मांजरीच्या गाण्याचा व्हिडिओ पाठवला. कुणी मांजरीचा मुखवटा करण्याची कृती पाठवली. एका उत्साही गुरुजींनी खरं मांजरच वर्गात आणा, असा सल्ला दिला. ही ते सगळं वाचून इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग तिने लिहिलं, "बाई, त्या भागात घराला मनी म्हणतात. लेकरू घरी सोडा म्हणतंय."

मांजरीचे उपाय थांबले. नंतर एकामागून एक जोडलेले हात उगवू लागले.

त्यातूनच हिने वेगळा ग्रुप काढला. नियम एकच: पोराचा जो शब्द आपल्याला कळला नाही, तो पोराच्याच आवाजात टाकायचा. ज्याला कळेल त्याने बोलून उत्तर द्यायचं. कन्नड हिच्याकडे. विणकर वस्तीतल्या शाळेतल्या एक बाई तेलुगू सांभाळायच्या. शहरातल्या एका सरांकडे दखनी उर्दू होती आणि ते प्रत्येक उत्तराच्या शेवटी म्हणायचे, "टेन्शन नक्को लेव." त्या माढ्याच्या बाईंना लोकवर्गणीतून एक भला मोठा स्मार्ट फळाही मिळाला होता. धूळ बसू नये म्हणून मुख्याध्यापकांनी त्याच्यावर फुलाफुलांचं टेबलक्लॉथ घातलं होतं. ही म्हणायची, "तो झोपलाय तोवर आपण फोनवर शाळा भरवू." म्हणून गुरुवारचं ते वांगं. घरी सोडा म्हणणारी ती पोरगी वर्गात तोंड उघडत नसे, पण दर गुरुवारी फोनातल्या बाईंशी बोलायची. एक शब्द घरचा आणि, फार आग्रह केला तर, एक शाळेचा.

मी या सगळ्याची थट्टा करायचो. दोन अंगठ्यांनी विद्यादान, असं नाव मी त्याला दिलं होतं. ग्रुपवरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून दाखवायचो. ही म्हणायची, "पोरं बोलायला लागू देत. मग तुमच्याकडे पाठवते वेलांटी दुरुस्त करायला."

ती गेल्यावर ग्रुपवर श्रद्धांजलीची रांग लागली. त्यात एका गुरुजींनी सवयीने 'हार्दिक अभिनंदन मॅडम' लिहून पुष्पगुच्छ टाकला आणि लगेच काढूनही टाकला. माझ्या नजरेतून तो सुटला नव्हता. त्या आठवड्यात मी एकदाच हसलो, ते तेव्हा. हिला सांगायला म्हणून वळलोसुद्धा.

मोबाइल मी बंद केला नाही. रोज सकाळी तो चार्जिंगला लावायचो आणि वाचायचो, लिहायचो नाही. जूनमध्ये शाळा उघडल्या. पण शब्द येईनात. त्यांच्या जागी सुविचार यायला लागले. एके दिवशी उगवत्या 'सुर्या'चा सुविचार आला आणि मला राहवलं नाही. मी लिहिलं, "सूर्यातला सू दीर्घ." पाचव्या मिनिटाला तेलुगूवाल्या बाईंचा घाबराघुबरा फोन. "सर, मॅडमचा मेसेज आलाय हो! फोटोसकट!" तेव्हा ध्यानात आलं की मी कितीही शुद्ध लिहिलं तरी ते हिच्याच नावाने आणि हिच्या हसऱ्या फोटोखाली जातं. तेव्हापासून मी शेवटी 'बाईंचे यजमान' अशी सही करतो.

ती सही वाचूनच बहुधा माढ्याच्या बाईंना धीर आला. पोळ्याच्या सुमारास त्यांनी फोन केला.

"सर, एक विचारू का? रागावू नका की."

"विचारा."

"ती पोरगी परत बोलायची बंद झालीय. जूनपासून एक शब्द नाही. गुरुवार आला की फोनचं चार्जर लावतो ना आपण, त्या भिंतीपाशी जाऊन बसते. मी सांगितलंय, फोनातल्या बाई गावाला गेल्यात. मला दुसरं काही सुचलंच नाही."

मी खुर्ची ओढून बसलो.

"तिच्या वडिलांनी काय ठरवलंय माहितीय का? दिवाळीपर्यंत बोलली तर बोलली, नाहीतर मामाकडं ठेवायची, कर्नाटकात. तिकडं कन्नड शाळा आहे. शाळेचं काय, चांगलीच असंल. पण सर, सात वर्षांचं लेकरू आईला सोडून राहील का हो? घरासाठी वर्षभर रडलंय ते."

"ग्रुपवर कन्नड येणारं दुसरं कुणी नाही का?"

"दोघांना फोनवर घेऊन बघितलं. ती बघते आणि उठून जाते. तिला तोच नंबर पाहिजे. स्क्रीनवर मॅडमचा फोटो आला की सरसावून बसते."

"मला कन्नड येत नाही," मी म्हणालो. "चार शब्द येतात, त्यातले तीन जेवणाचे."

"मग तेवढे बोला की," त्या म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी खिचडी खाऊन मी ओट्यापाशी उभा राहिलो. वांगं आणायला विसरलो होतो, म्हणून हातात कांदा घेतला. मोबाइल डब्याला टेकवला आणि कॉल लागल्यावर गंभीरपणे म्हणालो, "इद येनु?"

"सर," माढ्याच्या बाईंचा आवाज आला, "पंखा दिसतोय."

मी मोबाइल सरळ केला. आता माझी बनियन दिसत होती, असं मला सांगण्यात आलं. तिसऱ्या खेपेला मी आणि कांदा दोघे एकदम चौकटीत बसलो. पलीकडे दोन घट्ट वेण्या, लाल रिबनी आणि त्यांच्यामध्ये एक अत्यंत संशयी चेहरा. तिला फोटो एकीचा दिसला होता आणि आत निघाला भलताच.

"बा," मी म्हणालो. ती होती तिथेच होती. मीही तिच्यापासून पन्नास कोस. पुढचा शब्द जेवणाचा, तो मी राखून ठेवला. मग पुन्हा कांदा. "इद येनु?"

"उळ्ळागड्डी," ती पुटपुटली.

पलीकडे बाईंनी खुर्ची पुढे ओढल्याचं मला ऐकू आलं. मी खूश होऊन भलतीच चूक केली: जोरजोराने मान हलवली. आपल्याला सगळं कळतंय असं त्यातून तिला वाटलं. तीन महिन्यांचं साचलेलं होतं, ते तिने एकदम सोडलं. शेळीचं असावं, भावाचं असावं, मध्ये कुठेतरी पावसाचं असावं. शब्दामागून शब्द धावत होते आणि रेंज पायात पाय घालत होती. मी घाबरलो. हळू बोल म्हणायचं होतं. आता, पुस्तकं कितीही वाचली तरी नातेपुत्याकडची जीभ घाबरली की 'हळू'चं 'हाळू' करते. मी हात वर करून ओरडलो, "हाळू, बाळ, हाळू!"

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. नजरेतला संशय जाऊन तिथे कीव आली. मग ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली, इतकी की फक्त नाक आणि एक डोळा दिसत होता. सावकाश, मला झेपेल अशा बेताने ती म्हणाली,

"अज्जा, हालु न्हाय. दूद. शाळंत दूद म्हनायचं."

कन्नडात दुधाला हालु म्हणतात, हे मला बाईंनी नंतर ग्रुपवर विचारून सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की कुणीतरी माझी चूक काढतंय.

"दूध," मी म्हणालो.

"व्हय. दूद."

"सर!" बाई किंचाळल्याच. "अख्खं वाक्य बोलली सर! मराठीत! पहिलं वाक्य!"

मला हळू म्हणायचं होतं, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

पोरीला त्या किंचाळण्याचं काही नव्हतं. तिने माझ्या खांद्यांवरून मागे, स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "अज्जी यल्ली?"

यल्ली म्हणजे कुठे. हा शब्द माझ्या चारांत नव्हता, तरी कळला. बाईंचा चेहरा घाईने कडेला आला. "सर, मी गावाला गेल्यात असं..." आणि त्या थांबल्या. खोटं पुढे चालवायचं की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

मी आयुष्यभर पुस्तकं विषयवार लावली. मृत्यूसाठीही एक कप्पा होता आणि तो कधी रिकामा नसे. त्यातलं एकही वाक्य सात वर्षांच्या मुलीला सांगण्याजोगं मला आठवेना. मग मी साध्या मराठीत म्हणालो, "अज्जी वारली, बाळ. आता ती फोनवर येणार नाही."

'वारली' तिला कळलं की नाही, कोण जाणे. पण ती उठून गेली नाही. रिबनीचं टोक तोंडात घेऊन थोडा वेळ चावत बसली. मग तिने विचारलं, "नी ऊटा माडिदी?"

ऊटा मला येत होतं. तिच्या गावात माणूस गेलेल्या घरी जाऊन आधी हेच विचारत असतील. आमच्याकडेही याहून वेगळं काही विचारत नाहीत. जेवलास का.

"हो," मी म्हणालो. "खिचडी."

"खिचडी," ती म्हणाली. या शब्दाला दुरुस्ती लागली नाही.

त्यानंतरचे गुरुवार मी चुकवले नाहीत. मी भाजी दाखवायची, घरचं नाव तिने सांगायचं, ते मी चुकीचं म्हणायचं आणि मग तिने कपाळावर हात मारून मला शाळेचं नाव शिकवायचं, असा क्रम आपोआप पडला. दोडका मला अजूनही नीट म्हणता येत नाही, असं तिचं मत आहे. वर्गातही ती हळूहळू तोंड उघडू लागली. पहिल्यांदा तिने शेजारच्या मुलाची चूक काढली. बाईंनी ग्रुपवर हे कळवलं तेव्हा बऱ्याच दिवसांनी कुणीतरी पोराच्या आवाजातला एक नवा शब्द टाकला, तेलुगूतला. त्या सकाळी सुविचार आला नाही.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले असताना, गुरुवार नसताना, हिच्या मोबाइलवर बाईंचा नंबर वाजला. मी उचलला तर पलीकडे पुरुषाचा आवाज.

"नमस्कार सर. मी पोरीचा बाप बोलतोय. बाईंच्या फोनवरनं."

"नमस्कार. बोला."

"पोरीला मामाकडं पाठवायचं म्हनत हुतो. बोलाय लागली हे खरं, पन मामाला सबूद दिला हुता. पिशवी भरली. तर तिनं पिशवी रिकामी केली. म्हनती, जानार न्हाय. हितं अज्जाला शिकवायचं हाय." ते जरा थांबले. "सर, रागावू नका, पन इचारतो. तुमास्नी मराठी येत न्हाय म्हनं? खरं हाय का?"

मी बाहेरच्या खोलीत उभा होतो. समोर पुस्तकांची तीन कपाटं होती.

"व्हय," मी म्हणालो. "लई कच्ची आहे."

"अरारा," ते म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं. बाजूला कुणाशी तरी कन्नडात दोन वाक्यं बोलून ते परत आले. "मग ऱ्हाऊ दे तिला हितंच. तुमचं शिकून हुईस्तोवर."